करिअर समुपदेशकाची पात्रता ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की ‘करिअर काउन्सेलिंग’च्या फलकांचे पीक येते. क्लासच्या जिन्यात, झेरॉक्सच्या दुकानावर, हल्ली मोबाइलच्या पडद्यावरही. हे काम तुम्ही शिकलात कुठे, असे विचारले तर उत्तर बहुधा तीनांपैकी एक येते: बी. ए. मानसशास्त्र, दोन दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र, नाहीतर ‘पंधरा वर्षांचा अनुभव’. तिन्ही उत्तरे चालतात. औषधाच्या दुकानाला फार्मासिस्ट लागतो, वीजजोडणीच्या कामाला परवानाधारक लागतो. सोळा वर्षांच्या मुलाला ‘गणित सोडून दे’ असा सल्ला द्यायला मात्र काहीच लागत नाही.

यात एक गंमत आहे. 1992 च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यात अपंग व्यक्तींसाठी काम करणाऱ्या व्यवसाय-समुपदेशकांचा (व्होकेशनल काउन्सेलर) स्पष्ट उल्लेख आहे. त्यांना परिषदेकडे नोंदणी करावी लागते. 2021 च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याने मानसशास्त्रज्ञांना आणि वर्तन-आरोग्य क्षेत्रातल्या समुपदेशकांना यादीत घेतले. बाकी सगळ्या मुलांना शाखा आणि अभ्यासक्रम सुचवणारा माणूस दोन्ही कायद्यांच्या बाहेर राहिला. सीबीएसईच्या 2018 च्या संलग्नता उपविधींत निदान शाळेतल्या समुपदेशकाची अर्हता लिहिली गेली: मानसशास्त्राची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी, किंवा बालविकासाची पदव्युत्तर पदवी, किंवा कोणत्याही पदवीसोबत करिअर मार्गदर्शन व समुपदेशनाची पदविका. पण यातल्या शेवटच्या पर्यायात पदविका किती तासांची, तिच्यात प्रात्यक्षिक किती, हे कोण पाहणार? आमचा मुद्दा नेमका तिथेच आहे. पदवीच्या नावावरून या कामाची पात्रता कळत नाही. अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली किती मुलांचे काम पूर्ण केले, यावरून कळते.

ही मागणी नवीन नाही. मुदलियार आयोगाने 1952-53 मध्येच शाळांसाठी मार्गदर्शन अधिकारी आणि ‘करिअर मास्टर’ (मुलांना व्यवसायांची माहिती देणारा शिक्षक) सुचवले होते. कोठारी आयोगाने (1964-66) पैशांची अडचण ओळखून दर दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक, असा किमान आकडा दिला. मुंबईतल्या सरकारी व्यवसाय मार्गदर्शन संस्थेत एकेकाळी शिक्षकांना ‘करिअर मास्टर’चे प्रशिक्षण मिळे. म्हणजे आपल्या राज्याला हे काम ठाऊकच नव्हते, असे म्हणायची सोय नाही.

आता या प्रशिक्षणात शिकायचे काय? सुरुवात चाचण्यांपासून करू, कारण पैसा तिथेच घेतला जातो आणि सर्वांत मोठ्या चुकाही तिथेच होतात.

पहिली चूक शब्दांतलीच. कल म्हणजे आवड, अभिक्षमता म्हणजे एखादी गोष्ट शिकण्याची कुवत. राज्यात 2016 साली दहावीच्या मुलांची जी चाचणी सुरू झाली ती कलचाचणी होती. कृषी, वाणिज्य, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कुठे आहे, एवढेच ती सांगू शकत होती. पण घरोघरी तिचा अर्थ ‘आमच्या मुलीला हे जमेल असे सरकारने सांगितले’ असा लागला. आवड आणि कुवत एकाच दिशेला असतील तर सल्ल्याची फारशी गरज नसते. ती दोन दिशांना असतात तेव्हाच समुपदेशकाची खरी परीक्षा होते. शिवाय न पाहिलेल्या कामाची आवड कशी नोंदवणार? गडचिरोलीच्या आश्रमशाळेतली मुलगी ‘प्रयोगशाळेत काम करायला आवडेल का’ या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहिते, कारण तिने प्रयोगशाळा उघडलेली पाहिलेली नसते. अशा मुलांच्या आवडीचा आलेख सपाट येतो, सगळे रकाने जवळजवळ सारखे. न शिकलेला समुपदेशक त्यातला एका गुणाने वर आलेला रकाना पकडतो आणि अहवाल लिहून मोकळा होतो. शिकलेला थांबतो, चार ठिकाणी घेऊन जायला सांगतो (आयटीआयची कार्यशाळा, तालुक्याचे रुग्णालय, बँक, शेतमाल प्रक्रियेचे युनिट) आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलतो.

दुसरी चूक आकड्यांची. अभिक्षमता चाचणीच्या अहवालात रंगीत खांब असतात. समजा, भाषिक क्षमतेचा खांब 110 वर आणि सांख्यिक क्षमतेचा 100 वर आहे. सरासरी 100 धरली आणि शतमकात (शंभरांत किती मुले मागे आहेत या मापात) सांगायचे तर पहिला साधारण 75 वा, दुसरा 50 वा. पालकांना हा फरक डोंगराएवढा वाटतो. ‘कला शाखेला घाला’ हा सल्ला इथूनच निघतो. आता हिशेब करा. गुणांचे प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) 15 आणि चाचणीची विश्वसनीयता (पुन्हा घेतल्यास गुण कितपत तसेच येतात याचे माप) 0.84 धरली, तर मापनाची प्रमाण त्रुटी 15 गुणिले 0.16 चे वर्गमूळ, म्हणजे 6 गुण. दोन उपचाचण्यांमधल्या फरकाची त्रुटी सुमारे 8.5. हा फरक खरा आहे असे 95 टक्के खात्रीने म्हणायचे तर तो साधारण 17 गुणांचा हवा. इथे तो 10 आहे. हीच चाचणी महिन्याने घेतली तर खांब उलटेही पडू शकतात. हा हिशेब पाच मिनिटांचा आहे, आणि विश्वसनीयतेचा आकडा चाचणीच्या नियमपुस्तिकेत छापलेला असतो. समुपदेशकाकडे नियमपुस्तिकाच नसेल, फक्त सॉफ्टवेअरमधून निघालेली पीडीएफ असेल, तर पालकांनी फी देण्याआधी विचार करावा.

तिसरी गोष्ट प्रमाणकांची. मुलाचे गुण कोणत्या गटाशी ताडून पाहिले? महानगरातल्या इंग्रजी शाळांतल्या मुलांवर बसवलेली प्रमाणके परभणीच्या मराठी माध्यमातल्या मुलाला लावली, तर भाषिक चाचणी त्याची भाषिक क्षमता मोजत नाही, इंग्रजी मोजते. चाचणी घेण्याची रीतही शिकावी लागते. कारकुनी वेग व अचूकतेच्या उपचाचणीत एकेका भागाला जेमतेम तीन मिनिटे असतात. ‘थांबा’ म्हणायला दहा सेकंद उशीर झाला तर वेळ साडेपाच टक्क्यांनी वाढतो आणि गुण वर सरकतात. साठ मुले एका हॉलमध्ये, एकच पर्यवेक्षक, मागच्या बाकांवर सूचना ऐकू येत नाहीत, नमुना प्रश्न सोडवून न घेता घड्याळ सुरू: या परिस्थितीत निघालेले गुण अहवालात दशांशापर्यंत छापले तरी त्यांना अर्थ नसतो. घरी मोबाइलवर सोडवलेल्या चाचणीत तर शेजारी मोठा भाऊ बसलेला असतो.

बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता सांगणाऱ्या डीएमआयटीबद्दल थोडक्यात. ठशांच्या रेषा गर्भाच्या चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत पक्क्या होतात. त्यांवरून मूल वकील व्हावे की वास्तुरचनाकार हे सांगणे आणि तळहात पाहून सांगणे यांत फरक स्कॅनरचा. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचे सांगितले आहे. तरी शाळा तिची शिबिरे भरवतात.

चाचण्या शिकवता येतात, आणि शिकवल्याही जातात. मुलाखतीचे कौशल्य मात्र बहुतेक अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांत वगळलेले असते, कारण ते साठ जणांच्या वर्गात शिकवता येत नाही. करायचे असते ते असे. प्रशिक्षणार्थी परवानगी घेऊन एका मुलाशी 45 मिनिटे बोलतो, ते ध्वनिमुद्रित करतो, आणि त्यातली मधली दहा मिनिटे शब्दशः उतरवून काढतो. मग मार्गदर्शक त्याच्यासोबत बसून समासात खुणा करतो. इथे तू प्रश्न विचारलास आणि उत्तर यायच्या आत दुसरा विचारलास. इथे मुलगी ‘तसं काही नाही’ म्हणाली आणि तू पुढे गेलास. ‘तसं’ म्हणजे कसं? इथे तू सल्ला दिलास, तिने अजून अडचणच सांगितलेली नाही. पानावर समुपदेशकाच्या ओळी मुलाच्या ओळींपेक्षा जास्त भरल्या, तर मुलाखत फसली असे खुशाल समजावे. नवख्याची पहिली तीन-चार टिपणे अशीच असतात, विशेषतः तो शिक्षक असेल तर. वर्गात बोलायची सवय एका दिवसात जात नाही.

पालकांना खोलीत केव्हा घ्यायचे, हाही शिकण्याचा विषय आहे. आधी मूल एकटे, मग पालक, मग सगळे एकत्र, हा क्रम साधारणपणे सोयीचा. उलटे केले की ‘तुला काय वाटतं?’ या प्रश्नाला वडील उत्तर देतात आणि मुलगा चपलांकडे पाहत बसतो. त्यानंतर त्याला एकट्याला विचारले तरी तो वडिलांचेच वाक्य म्हणून दाखवतो.

आणि या मुलाखतीत फक्त करिअरच निघते असे नाही. अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणणारे मूल झोप उडाल्याचे, जगावेसे वाटत नसल्याचे सांगते. तिथे आपली हद्द संपली हे कळणे, पालकांशी कसे बोलायचे, तालुक्यात मानसोपचारतज्ज्ञ कुठे आहे, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक, हे पाठ असावे लागते. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, न कळवणे हा गुन्हा आहे. ‘तू मला काहीही सांग, मी कुणाला सांगणार नाही’ असे वचन देऊन बसलेला समुपदेशक मग कात्रीत सापडतो. म्हणून गोपनीयतेच्या मर्यादा पहिल्या पाच मिनिटांत, मुलाला समजतील अशा शब्दांत सांगायच्या असतात. दोन दिवसांच्या प्रमाणपत्रात याला किती वेळ मिळत असेल?

चाचण्या आणि मुलाखतीनंतर प्रशिक्षणाचा तिसरा भाग माहितीचा. मानसशास्त्र शिकलेली मंडळी इथे कमी पडतात, आणि हे आम्ही आमच्याच पेशाबद्दल लिहीत आहोत. महाराष्ट्रात माहिती म्हणजे नुसती अभ्यासक्रमांची यादी नव्हे; नियम, तारखा आणि दाखले. राखीव जागेवरून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचे तर जात वैधता प्रमाणपत्र लागते, आणि त्याचा अर्ज अकरावी-बारावीत असतानाच महाविद्यालयामार्फत करायचा असतो. बारावीच्या निकालानंतर धावाधाव केली तर समितीकडे प्रकरण अडकते आणि हातची राखीव जागा जाऊ शकते. नॉन-क्रिमीलेअर दाखल्याची मुदत त्या शैक्षणिक वर्षाच्या 31 मार्चपर्यंत चालणारी हवी. गेल्या वर्षीचा दाखला ‘आहे की’ म्हणून फाइलला लावला की पडताळणीत अडतो. 2024-25 पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत आहे. ‘फी परवडणार नाही’ म्हणून बी.एस्सी.कडे वळवलेल्या मुलीला हे सांगायचे राहिले, तर सल्ला चुकलाच.

विषय निवडीचे परिणामही असेच. एनडीएत भूदलासाठी बारावीची कोणतीही शाखा चालते. नौदल आणि हवाई दलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हवे. विषय निवडताना हे आधी माहीत हवे. मर्चंट नेव्हीचे स्वप्न पाहणाऱ्या मुलाची रंगदृष्टी अकरावीतच तपासून घ्यावी. नेत्रतज्ज्ञाकडे दहा मिनिटांचे काम आहे, आणि दोन वर्षांची मेहनत वाचते. दहावीनंतर तंत्रनिकेतन, तिथून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश, ही वाट ज्यांना लवकर कमावते व्हायचे आहे त्यांच्यासाठी फार उपयोगाची. पण ‘डिप्लोमा म्हणजे हुशार नसलेल्यांचे’ हा समज समुपदेशकाच्याच डोक्यात असेल तर ती वाट मुलापर्यंत पोहोचत नाही.

ही माहिती शिळी होते, आणि वेगाने होते. 2025-26 मध्ये अकरावीचे ऑनलाइन केंद्रीय प्रवेश राज्यभर लागू झाले. त्याच वर्षी अभियांत्रिकीच्या कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेऱ्या तीनच्या चार झाल्या. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींपैकी एखादी मिळाली, तर जागा आपोआप गोठवली, म्हणजे पुढे बदलता न येईल अशी पक्की केली जाऊ लागली. आदल्या वर्षीच्या समजुतीने ‘आधी काहीतरी भरून ठेव, नंतर बेटरमेंट घेऊ’ म्हणत पसंतीक्रम भरून देणाऱ्यांनी मुलांना नको त्या महाविद्यालयात अडकवले. पदविका दहा वर्षांपूर्वीची असली तरी हरकत नाही, पण दरवर्षी एप्रिल-मेमध्ये दोन दिवसांची उजळणी आणि तिची नोंद, ही पात्रतेचीच अट असायला हवी.

एक मुद्दा बोलायला अवघड आहे. ‘मोफत समुपदेशन’ करणारे जगतात कशावर? काही जण खासगी संस्थांच्या व्यवस्थापन कोट्यात किंवा परदेशी विद्यापीठांत मुले पाठवून प्रत्येक प्रवेशामागे दलाली घेतात. प्रवेश एजंटचे काम करायला हरकत नाही, पण मग पाटीवर तसे लिहावे. शिकवणी वर्गात पगारावर असलेला समुपदेशक ‘तुला नीट ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा झेपणार नाही’ असे किती मुलांना सांगू शकेल, याचाही विचार व्हावा. नोंदणी आली तर तिच्या अर्जात पहिला रकाना हा असावा: उत्पन्न कुणाकडून मिळते, आणि ते मुलाला-पालकाला लेखी सांगितले जाते का?

मग चांगले प्रशिक्षण मिळते कुठे? देशातला जुना आणि आमच्या मते आजही सर्वांत नेटका अभ्यासक्रम एनसीईआरटीची मार्गदर्शन व समुपदेशन पदविका. मुदत एक वर्ष, जानेवारी ते डिसेंबर, तीन टप्पे: सहा महिने दूरस्थ पद्धतीने अभ्यास, तीन महिने केंद्रावर राहून समोरासमोर प्रात्यक्षिके, शेवटचे तीन महिने आपल्या गावी अंतर्वासिता (इंटर्नशिप). महाराष्ट्र आणि गोव्यातल्या शिक्षकांसाठी जवळचे केंद्र भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था. विद्यापीठांतल्या आणि खासगी संस्थांतल्या पदविकांची गुणवत्ता वरखाली आहे. प्रवेश घेणाऱ्याने माहितीपत्रक बाजूला ठेवून तीन प्रश्न विचारावेत. प्रत्यक्ष किती मुलांसोबत काम करायला मिळेल? ते काम कोण तपासेल, आणि तपासणाऱ्याने स्वतः शेवटची मुलाखत कधी घेतली? चाचण्यांचे मूळ संच व नियमपुस्तिका हाताळायला मिळतील, की फक्त स्लाइड दाखवतील? या तीनांची उत्तरे गुळमुळीत आली, तर प्रमाणपत्र कितीही जाड कागदावर छापलेले असो, पैसे वाचवावेत.

आमच्या अनुभवातून किमान माप सुचवायचे तर: संपूर्ण 30 केस, म्हणजे प्रत्येकात माहिती संकलन, गरज असेल तरच चाचणी, दोन मुलाखती, पालकांची भेट, लेखी टिपण आणि सहा महिन्यांनी विचारपूस. त्यातल्या किमान दहा मुलाखतींचे ध्वनिमुद्रण तपासलेले असावे. तीसपैकी निम्मी मुले मराठी माध्यमाची, आणि पाच-सहा तरी अशी असावीत ज्यांना दहावीत चाळीस-पन्नास टक्के आहेत. नव्वद टक्केवाल्या मुलाला सल्ला देणे सोपे असते. त्याच्यापुढे दारे उघडीच असतात. बेचाळीस टक्के मिळालेली, घरात शिकलेले कुणी नसलेली, लग्नाची बोलणी सुरू असलेली मुलगी समोर बसली की समुपदेशकाला काय येते ते कळते.

नव्या शैक्षणिक धोरणात शाळासंकुले आणि त्यांना जोडलेले समुपदेशक यांचा उल्लेख आहे. कोठारी आयोगाचा दहा शाळांमागे एक हा आकडा त्या संकुलांना सहज बसतो. पण पदे निर्माण झाली आणि माणसे तयार नसली तर अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांना तिथे बसवले जाईल, ही भीती खोटी नाही. म्हणून पदांच्या आधी प्रशिक्षणातल्या दोन अडचणी सोडवाव्यात.

एक, सुट्टीची. भोपाळचा टप्पा सलग तीन महिन्यांचा. अनुदानित शाळेचा मुख्याध्यापक एवढ्या दिवसांसाठी शिक्षकाला कार्यमुक्त करत नाही, कारण बदली शिक्षक मिळत नाही. राज्याने एनसीईआरटीशी बोलून हा टप्पा मे महिना आणि दिवाळीची सुट्टी यांत तुकड्यांनी, पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात घ्यावा. उरलेल्या दिवसांसाठी तासिका तत्त्वावर शिक्षक नेमायला मंजुरी द्यावी. दोन, भाषेची. मुलाखत मराठीत, गोंडीत, अहिराणीत होणार आणि तिचे प्रशिक्षण इंग्रजी-हिंदीत, हे विचित्र आहे. दूरस्थ टप्प्याचे साहित्य राज्य शैक्षणिक संशोधन परिषदेने मराठीत आणावे, आणि मुलाखतींची शब्दशः टिपणे तरी मराठीतच तपासली जावीत. ‘तसं काही नाही’ मधला ‘तसं’ भाषांतरात सापडत नाही.

आपले,
शालेय समुपदेशनाचे काम करणारे काही वाचक
नाशिक